सिग्मा डीपी मेरिल: सावलीतले हिरवे-जांभळे डाग कुठून येतात आणि कसे घालवायचे

सिग्माचा डीपी1, डीपी2 किंवा डीपी3 मेरिल कॅमेरा नव्यानं घेतलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. उन्हातला फोटो शंभर टक्क्यांवर उघडला की दगडाचा कण न् कण मोजता येतो. आणि त्याच फोटोत खांबामागच्या सावलीत ओल्या भिंतीवर चढलेल्या बुरशीसारखे हिरवे आणि जांभळट डाग. सॉफ्टवेअरमधली नॉईज (फोटोतले खोटे दाणे) घालवायची पट्टी पूर्ण ओढली तरी ते हटत नाहीत, उलट दगडाची धार बोथट होते. मग माणूस सेन्सर बिघडला असं समजून कॅमेरा विकायला काढतो.

सेन्सर बहुधा ठणठणीत असतो. गोंधळ असा होतो की ‘हिरवे-जांभळे डाग’ या एका नावाखाली चार वेगवेगळे प्रकार मोडतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की फोटो आणखी बिघडतो. म्हणून आधी निदान, मग पट्ट्या.

निदान: दोन फ्रेम आणि एक फिरकी

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, सगळं हाताने ठरवून द्या आणि एकाच चौकटीचे लागोपाठ दोन फोटो काढा. दोन्ही शंभर टक्क्यांवर शेजारी शेजारी उघडा. डागांचा आकार आणि जागा दोन फोटोंत वेगवेगळी असेल तर तो नॉईज आहे, म्हणजे उजेड कमी पडलेला आहे. डाग दोन्हीकडे तिथल्या तिथे असतील तर कॅमेरा उलटा करा, म्हणजे खालची बाजू वर, आणि तीच चौकट पुन्हा घ्या. आता डाग फोटोच्या त्याच कोपऱ्यात राहिला, पण वस्तूवरून सरकला, तर तो भिंगाचा आणि सेन्सरचा खेळ आहे. डाग वस्तूलाच चिकटून राहिला तर तिथला उजेडच खरोखर त्या रंगाचा आहे, किंवा वस्तूच.

हे शेवटचं आपल्याकडे विसरून चालत नाही. आपली जुनी देवळं काळ्या बसाल्टची, आणि पावसाळा सरला तरी त्यांच्यावर शेवाळ आणि दगडफूल टिकून असतं. सिन्नरच्या गोंदेश्वराचं उदाहरण घ्या. यादवकाळातलं पंचायतन देऊळ, बाहेरून सगळीकडे बारीक कोरीवकाम. तिथल्या सावलीतल्या भिंतीचा फोटो उघडला की हिरवं खूप दिसतं आणि त्यातलं बरंचसं खरं असतं. फरक ओळखायला एकाच ठिकाणी नजर रोखा: जिथे छिन्नीची खोबण संपून सपाट दगड सुरू होतो ती कड. खरं दगडफूल त्या कडेला अडतं, खोबणीत दाटतं, उंचवट्यावर विरळ होतं, आणि त्याला स्वतःचा खरखरीत पोत असतो. नॉईजचा डाग कडेची पर्वा करत नाही. खोबणीवरून, मूर्तीच्या दंडावरून, मागच्या भिंतीवरून एकसारखा पसरत जातो, आणि त्याच्या आत दगडाचा पोत अगदी स्वच्छ दिसतो, फक्त रंग चुकीचा. तपशील शाबूत आणि रंग बिघडलेला, ही या कॅमेऱ्याची खूण.

चौथा प्रकार सूर्य किंवा दिवा चौकटीत आला की दिसतो: रंगीत ठिपक्यांची जाळी. त्याला चाचणी लागत नाही, बघताक्षणी कळतो. त्याबद्दल पुढे दोन ओळी आहेत, जास्त सांगण्यासारखं नाही.

असं का होतं

नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या चौकोनांची रंगीत जाळी असते. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. मेरिलमधल्या फोव्हिऑन सेन्सरमध्ये ही जाळी नाही. सिलिकॉनमध्ये निळा प्रकाश पृष्ठभागाजवळ शोषला जातो, हिरवा थोडा खाली, लाल सर्वांत खोल. या गुणाचा फायदा घेऊन एकाखाली एक तीन थर ठेवले आहेत. मेरिलमध्ये प्रत्येक थर 4800 × 3200 पिक्सेलचा. तिन्ही मिळून जाहिरातीतला 46 मेगापिक्सेलचा आकडा होतो, पण हातात येणारा फोटो 4704 × 3136, म्हणजे पावणेपंधरा मेगापिक्सेलचा असतो. मात्र त्यातला प्रत्येक पिक्सेल अंदाजाशिवाय मोजलेला. तपशिलाची जादू इथून येते. (ज्यांच्या नावाने ही मालिका आहे ते रिचर्ड मेरिल या सेन्सरच्या जनकांपैकी एक. ते 2008 मध्ये गेले. त्याच वर्षी सिग्माने फोव्हिऑन कंपनी विकत घेतली, आणि 2012 मध्ये डीपी1 व डीपी2 मेरिल बाजारात आले.)

आता खोट कुठे आहे ते पाहू. सिलिकॉन रंग काटेकोर वेगळे करत नाही. वरच्या थरात निळ्याबरोबर हिरवा आणि लालही बराच अडकतो, मधल्यात तिन्हींची मिसळ असते. म्हणजे तिन्ही थरांचे आकडे एकमेकांच्या फार जवळचे येतात आणि खरा रंग काढायला त्यांची मोठ्या गुणकांनी वजाबाकी करावी लागते. इथे नॉईज फुगतो.

हिशोब करून बघा. सोयीसाठी समजा की एखादा रंग ‘वरच्या थराची तिप्पट वजा मधल्या थराची दुप्पट’ असा निघतो. उजेडात वरच्या थरात 1000 आणि मधल्यात 900 फोटॉन (प्रकाशाचे कण) पडले. उत्तर 1200. फोटॉनच्या मोजणीत वर्गमुळाइतकी चूक निसर्गतःच असते. ती धरून उत्तरातली चूक 112 च्या आसपास येते, म्हणजे साधारण 9 टक्के. आता सावलीत तेच आकडे 50 आणि 45 करा. उत्तर 60, आणि चूक 25. म्हणजे 42 टक्के! एकट्या वरच्या थराचा आकडा मात्र तेव्हाही 14 टक्क्यांच्याच चुकीने मोजला गेलेला असतो. म्हणून सावलीत पोत टिकतो आणि रंग भरकटतो. खऱ्या कॅमेऱ्यातले गुणक वेगळे आहेत, पण तत्त्व हेच.

यावरून दोन गोष्टी हाती लागतात. एक, सावलीत जास्त उजेड पोचवणं हाच मूळ उपाय, बाकी सगळी डागडुजी. दोन, रंग टाकून दिला तर डाग आपोआप जातात.

शटर दाबण्याआधी

काळा दगड राखाडी टिपा आणि नंतर काळा करा. माझ्या मते या कॅमेऱ्यासाठी याहून कामाचा सल्ला नाही.

देवळाच्या सभामंडपात भर दुपारी उभे राहा. बाहेरच्या उन्हातल्या फरसबंदीत आणि आतल्या खांबाच्या पाठीमागच्या बाजूत सात-आठ स्टॉपचा फरक सहज असतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). कॅमेऱ्याला सगळी चौकट मोजू दिली तर तो फरसबंदीला सांभाळतो आणि खांब काळोखात ढकलतो. मग तुम्ही घरी येऊन तो खांब दोन स्टॉप वर उचलता, आणि डाग त्याच्याबरोबर वर येतात. त्याऐवजी स्पॉट मीटरिंग लावा आणि खांबाच्या सावलीतल्या बाजूवरच मोजा. मीटर त्या काळ्या दगडाला मधला राखाडी समजून एक-दीड स्टॉप जास्त उजेड देतो. एरवी आपण ही मीटरची चूक म्हणून दुरुस्त करतो, इथे ती हवीच आहे. स्क्रीनवर दगड फिकट, धुतल्यासारखा दिसेल. दिसू द्या. नंतर एक्स्पोजरची पट्टी वजाकडे नेली की दगड आपल्या जागी येतो आणि डाग अंधारात गाडले जातात.

फरसबंदी अर्थातच जळेल. तिच्यासाठी ट्रायपॉड न हलवता दुसरी फ्रेम घ्या आणि नंतर दोन्ही जोडा. नाहीतर चौकटच अशी निवडा की ऊन त्यात येणार नाही. जोडाजोडीत वेळ घालवण्यापेक्षा मला दुसरा मार्ग आवडतो, पण ज्याची त्याची आवड.

आयएसओ 100 किंवा 200. 400 फक्त एकसारख्या, भरपूर उजेडात. 800 ला रंगीत फोटो छोट्या आकारात खपून जातो, भिंतीवर लावायचा असेल तर नाही. त्यापुढचे आकडे कॅमेऱ्यात आहेत म्हणून वापरायचे नसतात. आणि आयएसओ 100 ठेवून अंधारा फोटो काढायचा नि नंतर उचलायचा, ही पळवाट समजू नका. थरांवर पडलेले फोटॉन तेवढेच कमी राहतात.

म्हणजे ट्रायपॉड आलाच. यात भिंगातलं पाकळ्यांचं शटर असल्यामुळे धक्का जवळजवळ नसतो. दोन सेकंदांचा टायमर लावला की अर्ध्या-एक सेकंदाचे फोटोही कडक येतात. अ‍ॅपर्चर एफ 5.6 च्या आसपास ठेवा. पिक्सेल 5 मायक्रॉनचा आहे, त्यामुळे एफ 11 पलीकडे विवर्तनाने धार जायला लागते, आणि धार घालवायची तर हा कॅमेरा बाळगायचा कशाला?

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या बऱ्याच स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, ती आधी काढून ठेवा. नसेल तर कॅमेरा ओट्यावर, दगडावर, पिशवीवर टेकवून काम भागवा. हातात धरून सावलीतला फोटो हा या कॅमेऱ्याचा प्रांत नाही. यात प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणाही नाही.

उष्णतेचं एक पथ्य पाळा. सिलिकॉनमधला अंधारी प्रवाह, म्हणजे प्रकाश नसतानाही जमणारा विद्युतभार, तापमान सहा ते आठ अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो. एप्रिल-मेमध्ये नाशिक-नगरच्या उन्हात तापलेलं काळं धातूचं खोकं आणि त्यात सतत चालू असलेला सेन्सर, यातून सावलीत जास्तीची घाण येते, विशेषतः काही सेकंदांच्या एक्स्पोजरला. चौकट ठरेपर्यंत कॅमेरा बंद ठेवा, उन्हात ट्रायपॉडवर टांगून गप्पा मारू नका. बॅटरीही वाचते, आणि ती वाचवावीच लागते: अधिकृत आकडा एका बॅटरीत 97 फोटोंचा आहे. खोक्यातच दोन बॅटऱ्या येतात, त्यावरून काय ते समजा.

उजेडाची जात शेवटी येते, पण तिचा परिणाम मोठा. गाभाऱ्यात पिवळा दिवा आणि दारातून येणारा निळसर दिवसाचा उजेड एकत्र आले तर कुठलाही व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) दोघांना एकदम बरोबर करू शकत नाही. तिथे डाग म्हणून जे दिसतं ते पुष्कळदा हेच. शक्य असेल तर दिवा मालवायला सांगा. पिवळ्या दिव्यात निळा प्रकाश मुळातच कमी असतो, म्हणून व्हाइट बॅलन्स करताना निळी बाजू ताणावी लागते आणि नॉईज आणखी वाढतो. व्हाइट बॅलन्ससाठी ग्रे कार्ड (तटस्थ करड्या रंगाचा पुठ्ठा) ठेवा. झेरॉक्सच्या पांढऱ्या कागदावर जाऊ नका, त्यात उजळपणासाठी घातलेली रसायनं अतिनील किरणांत निळसर चमकतात. बसाल्टवरही ड्रॉपर (सॉफ्टवेअरमध्ये तटस्थ रंग निवडायची खूण) टेकवू नका. तो काळा-करडा दिसतो, पण झिजलेला बसाल्ट तपकिरीकडे झुकतो, आणि त्याला ‘तटस्थ’ ठरवलं की अख्खा फोटो निळा-हिरवा होतो.

सिग्मा फोटो प्रोमध्ये

मेरिलची एक्सथ्रीएफ फाइल, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा, लाइटरूम उघडत नाही. सिग्माचं स्वतःचं मोफत सॉफ्टवेअर, सिग्मा फोटो प्रो, हाच सरळ रस्ता. ते हळू चालतं. प्रत्येक पट्टी हलवल्यावर चित्र पुन्हा तयार होईपर्यंत हात बांधून बसा, कारण अर्धवट तयार झालेल्या चित्रावर नॉईजचा निर्णय घेणं म्हणजे अंधारात तीर. डाग तपासायचे ते शंभर टक्क्यांवर आणि चित्र स्थिर झाल्यावरच.

क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी व्हाइट बॅलन्स, कारण तो चुकला की डागांचा रंग बदलतो आणि पुढचे सगळे निर्णय वाया जातात. मग एक्स्पोजर खाली. मग हायलाइटची पट्टी. शॅडोची पट्टी शक्यतो शून्यावर किंवा वजाकडे.

आणि एक्सथ्री फिल लाइट. बहुतेक बिघडलेले फोटो या पट्टीने बिघडवलेले असतात. ती सावली उचलते आणि आसपासच्या उजळ भागाशी तुलना करून ठिकठिकाणी वेगवेगळं उचलते. म्हणजे जिथे नॉईज सर्वांत जास्त तिथेच ती सर्वांत जास्त ताणते. वर कडांना उजळ किनारही सोडते. शून्यावर ठेवा. हवीच असेल तर अधिक 0.2 किंवा 0.3, त्यापुढे नाही. वजाकडे नेली तर कॉन्ट्रास्ट वाढतो आणि डाग दबतात, काही फोटोंना ते शोभतं.

शार्पनेस वजा 1 च्या खाली आणा. शून्य म्हणजे ‘शार्पनिंग नाही’ असा अर्थ इथे होत नाही. शून्यावरही हे सॉफ्टवेअर भरपूर धार लावतं आणि बारीक नॉईजलाही धार येते. कलर मोड न्यूट्रल किंवा स्टँडर्ड ठेवा. व्हिव्हिड आणि लँडस्केप हे मोड रंगाबरोबर डागही रंगवतात.

नॉईज रिडक्शनमधल्या दोन पट्ट्या इथे कामाच्या. क्रोमाची (रंगाची) वाढवा, ल्युमिनन्सची (उजळपणाची) तळाला ठेवा. ल्युमिनन्स वाढवला तर दगड मेणाचा होतो. क्रोमाची पट्टी बारीक रंगीत कण काढते, पण तीस-चाळीस पिक्सेल रुंदीचे मोठे डाग तिच्या आवाक्यात नाहीत. तुम्ही पट्टी कितीही ओढली तरी ते जात नाहीत, याचं कारण हे.

निर्यात 16 बिट टिफमध्येच करा. एक फाइल 88 एमबीच्या घरात जाते. कॅमेऱ्यातलं जेपीईजी तर या दुखण्यावर विसरूनच जा.

मोठे डाग: टिफवर

डाग रंगाचे आहेत, तपशिलाचे नाहीत. मग रंग आणि तपशील वेगळे करून फक्त रंगाला पुसायचं. फोटोशॉप किंवा गिंप, दोन्हीत जमतं.

लेयरची प्रत काढा. वरच्या प्रतीला गॉसियन ब्लर द्या. त्रिज्या डागाच्या रुंदीहून थोडी मोठी, बहुतेकदा 30 ते 50 पिक्सेल. फोटो धूसर झालेला बघून घाबरू नका. आता त्या लेयरचा ब्लेंड मोड ‘कलर’ करा. गिंपमध्ये ‘एलसीएच कलर’ असा असतो. तपशील खालच्या लेयरचा परत येतो आणि रंग वरच्या, पसरवलेल्या लेयरचा राहतो. हिरवा आणि जांभळा एकमेकांत मिसळून विझतात.

पण हे अख्ख्या फोटोला लावलं तर रंग कडांबाहेर गळतात. देवीच्या लाल लुगड्याची लाली शेजारच्या काळ्या खांबावर उतरेल. म्हणून लेयरला काळा मास्क द्या आणि मऊ ब्रशने फक्त सावलीत पांढरं रंगवा. लाल-पिवळ्या वस्तूंपासून ब्रश चार बोटं लांब. सावलीत नुसता दगड असेल तर सॅच्युरेशन निम्म्यावर आणणं कधीकधी एवढंच पुरतं. डोळ्यालाही गडद सावलीत रंग कमीच दिसतो, त्यामुळे ते खोटं वाटत नाही.

विषय जागचा हलणार नसेल तर आणखी एक मार्ग आहे, आणि तो धुण्यापुसण्यापेक्षा प्रामाणिक. त्याच चौकटीच्या चार फ्रेम काढा, चारही एकाच सेटिंगवर टिफ करा आणि त्यांची सरासरी घ्या. चार फ्रेमला नॉईज निम्मा होतो, सोळा फ्रेमला पाव. मेरिल एक एक्सथ्रीएफ कार्डावर लिहायला जो वेळ घेतो तो लक्षात घेता सोळा फ्रेम म्हणजे तिथे बसून डबा खाऊन होतो.

कडांची झाक

कॅमेरा उलटा करून केलेल्या चाचणीत डाग फोटोच्या कोपऱ्यातच राहिला असेल तर वरचं काहीच उपयोगाचं नाही. भिंगातून कोपऱ्याकडे जाणारे किरण तिरपे पडतात आणि खोल थरांपर्यंत पोचताना वेगवेगळे अडतात. त्यामुळे एका बाजूला हिरवट आणि दुसरीकडे जांभळट झाक येते. 19 मिमी भिंगाच्या डीपी1 मध्ये ती जास्त दिसते, 50 मिमीच्या डीपी3 मध्ये सहसा लक्षातही येत नाही. ढगाळ पांढरं आकाश, चुन्याची भिंत, धुकं, अशा एकसारख्या पृष्ठभागावर ती उघडी पडते. पावसाळ्यात घाटावर फोटो काढणाऱ्यांना ओळखीची असेल.

उपाय: दुधी ॲक्रिलिकचा तुकडा भिंगासमोर धरून त्याच अ‍ॅपर्चरला एक फ्रेम घ्या, उजेड एकसारखा असेल असा. तिचं टिफ काढताना सगळ्या पट्ट्या मूळ फोटोसारख्याच, फिल लाइट शून्य. तिला मोठा ब्लर द्या, मूळ फोटोवर ठेवा आणि ब्लेंड मोड ‘डिव्हाइड’ करा. झाक जाते, कोपऱ्यांची काळोखीही कमी होते. कॉन्ट्रास्ट फार ताणलेला असेल तर भागाकार नीट बसत नाही, तेव्हा आधी सपाट टिफ काढा, कॉन्ट्रास्ट नंतर वाढवा. प्रत्येक अ‍ॅपर्चरची एक अशी फ्रेम एकदाच काढून ठेवली की कायमची कामाला येते.

सूर्य चौकटीत असेल तर

रंगीत ठिपक्यांची जाळी ही सेन्सर आणि भिंग यांच्यातल्या परावर्तनाची. अ‍ॅपर्चर बारीक असताना ती जास्त ठळक होते. अ‍ॅपर्चर उघडा, किंवा सूर्य कळसाआड, फांदीआड घ्या. नंतर पुसायला गेलात तर दिवस जाईल.

रंग सोडून दिला तर

आयएसओ 800 च्या पुढचा किंवा दिव्याच्या उजेडातला फोटो असेल तर कृष्णधवल करा. हा मला कमीपणाचा मार्ग वाटत नाही. सिग्मा फोटो प्रोच्या 5.5 आवृत्तीपासून मोनोक्रोम मोड आहे आणि त्यात रंगाच्या चक्रावर कुठल्या थराला किती वजन द्यायचं ते ठरवता येतं. बिंदू निळ्याकडे सरकवा. वरच्या थरात सर्वांत जास्त प्रकाश अडकतो, त्यामुळे तो सर्वांत स्वच्छ. वजाबाकीच कमी होते आणि वरच्या हिशोबातले 42 टक्के 14 च्या दिशेने उतरतात. लालकडे सरकवून पाहा, फरक लगेच दिसेल. माणसाच्या चेहऱ्यावर मात्र निळ्याकडे गेलात तर वांग, मुरुमाचे डाग, सुरकुत्या सगळं ठसठशीत होतं. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या चेहऱ्याला ते छान दिसेल, पुतणीच्या लग्नाच्या फोटोला नाही.

क्वाट्रो वापरणाऱ्यांसाठी

मेरिलनंतर आलेल्या, 2014 पासूनच्या डीपी क्वाट्रोमध्ये रचना बदलली. वरचा थर 5424 × 3616 पिक्सेलचा आणि खालचे दोन त्याच्या एक चतुर्थांश. खालच्या थरांचे पिक्सेल मोठे असल्याने तिथला नॉईज कमी, आणि माझ्या अंदाजाने सावलीत एक स्टॉपचा दिलासा मिळतो. प्रत्येक पिक्सेलच्या पोताची मेरिलची ती करकरीत धार मात्र थोडी मवाळ वाटते, म्हणून काही जण अजून मेरिलच शोधत फिरतात. निदानाच्या चाचण्या आणि फिल लाइटचं पथ्य इथेही तसंच.

क्वाट्रोत एक सोय जास्तीची आहे: सुपर फाइन डिटेल. कॅमेरा वेगवेगळ्या उजेडाचे सात फोटो ओळीने काढतो आणि एका एक्सथ्रीआय फाइलमध्ये ठेवतो. सिग्मा फोटो प्रो त्यातून एक फोटो बनवतं आणि सावल्या आश्चर्य वाटावं इतक्या स्वच्छ येतात. वर सांगितलेला मंडपातला खांब आणि बाहेरची फरसबंदी, दोन्ही एकत्र सांभाळायला हीच योग्य जागा. चौकटीत काही हलता कामा नये. नंदीजवळ वाऱ्याने हलणारी बेलाची फांदी असेल तर ती सात ठिकाणी उमटते, आणि ती मग हाताने, एकाच फ्रेममधून उचलून वर चिकटवावी लागते.